‘उपनगर’ या नावाआडची साष्टी

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. त्याची दक्षिण सीमा मात्र फार जुनी आहे. १६६१ च्या तहान्वये पोर्तुगिजांनी मुंबई देऊ केली व १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात दिली. माहीमच्या खाडीपलीकडील साष्टी बेट स्वतःकडे ठेवले. मराठ्यांनी ते १७३७ मध्ये घेतले, १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. परंतु पुढेही ते ठाण्याच्याच कारभारात राहिले. १९२० मध्ये दक्षिण साष्टी ठाण्यापासून वेगळी काढून पहिला उपनगर जिल्हा झाला. १९५० व १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. तथापि १९९० च्या विभाजनात रेषा पडली, ती बहुतांशी त्याच खाडीवर.

‘साष्टी’ हे नाव सहासष्ट गावांच्या गणनेवरून आले, असे परंपरा मानते. ‘उपनगर’ हा शब्द भूमीविषयी काहीच सांगत नाही. दुसऱ्या स्थळाशी असलेले गौण नाते तेवढे सांगतो. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर उपनगराची ९४ लाख होती! गोव्यात साष्टी तालुका याच नावाने नांदतो आहे. येथील तालुके मात्र अंधेरी, बोरिवली व कुर्ला.