त्रियानोंची खिडकी

एका खिडकीच्या रुंदींत कांहीं इंचांची चूक झाली आणि त्यापायीं युरोपांत नऊ वर्षें रणकंदन माजलें, अशी एक कथा फ्रान्सच्या इतिहासांत मोठ्या चवीनें सांगितली जाते. कथेचें स्थळ व्हर्सायच्या उद्यानांतील त्रियानों. तेथें चौदाव्या लुईनें १६७० मध्यें निळ्यापांढऱ्या फरशांनीं मढविलेला एक लहानसा विलासमंडप बांधविला होता. १६८७ मध्यें तो पाडून त्याच जागीं अधिक प्रशस्त असा संगमरवरी प्रासाद उभारण्यास आरंभ झाला. स्थापत्यविशारद होता आर्दुआं-मांसार, आणि राजाच्या सर्व इमारतींवरील मुख्य अधिकारी होता लुव्हवा. हाच लुव्हवा युद्धमंत्रीहि होता.

सँ-सिमों या सरदारानें आपल्या आठवणींत दिलेली हकीकत अशी. बांधकाम पाहत फिरत असतां राजाला एक खिडकी इतरांहून किंचित् अरुंद वाटली. तिच्या दोन्ही बाजू नुकत्याच वर येत होत्या. माथा अद्याप जुळावयाचा होता. लुव्हवानें चूक साफ नाकारली. राजानें मग उद्यानें रचणाऱ्या वृद्ध ल नोत्रला ती जाऊन पाहण्यास सांगितलें. राजा आणि मंत्री यांच्या कात्रींत सांपडण्याची त्या शहाण्या माणसाला हौस नव्हती. त्यानें चालढकल केली. अखेर राजानें त्याला समक्ष बोलावून मापें घ्यावयास लाविलीं. राजाचेंच म्हणणें खरें ठरलें. लुव्हवाला दरबाऱ्यांच्या व गवंड्यांच्या देखत खरपूस बोलणीं खावीं लागलीं. तो तणतणत घरीं आला आणि, राजाचें मन इमारतींवरून उडवील असें एखादें युद्धच आतां आपणांस तारील, असें जवळच्या मंडळींपाशीं म्हणाला.

एवढ्याशा फरकाचा एवढा बाऊ कां व्हावा? त्रियानोंची इमारत एकमजली. तिच्या खिडक्या म्हणजे वास्तविक दारेंच. जमिनीपर्यंत उतरलेलीं, उद्यानाकडे उघडणारीं, वर अर्धवर्तुळाकार कमान असलेलीं. अशा कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असते. रुंदी चार इंच घटली कीं कमानीचा माथा दोन इंच खालीं येतो, आणि शेजारची भिंत तेवढी फुगते. लांबच लांब ओळींत हें व्यंग डोळ्यांना टोंचल्यावांचून राहत नाहीं. शिवाय वेळेचा प्रश्न होता. माथा जुळण्यापूर्वीं चार थर काढून पुन्हां रचले कीं काम भागतें. कमान बसून वरची भिंत चढली म्हणजे सारा भार टेकूंवर तोलून धरावा लागतो आणि कमानच उतरवावी लागते. लुई चिडला तो याच कारणानें. ऐकलें नसतें तर पुरी झालेली इमारत पाडावी लागली असती, असें त्यानें सुनावल्याचें सँ-सिमों सांगतो, आणि ही तक्रार कोणत्याहि घरमालकाला पटण्यासारखी आहे.

युद्धाची गोष्ट मात्र निराळी. सँ-सिमोंचा जन्म १६७५ चा. त्रियानोंचें काम चाललें तेव्हां तो बारा वर्षांचा होता, आणि त्याचें मुख्य लेखन १७३९ नंतरचें. युद्धाचीं बीजें तर खिडकीपूर्वींच पेरलीं गेलीं होतीं. पॅलॅटिनेटच्या वारसाचा तंटा १६८५ पासूनचा, फ्रान्सविरुद्ध आउग्सबुर्गचा संघ १६८६ चा. १६८८ मध्यें कोलोनच्या गादीवर लुईचा उमेदवार बसूं शकला नाहीं, आणि सप्टेंबरांत सम्राटाच्या सैन्यानें तुर्कांकडून बेलग्रेड घेतलें. आतां हें सैन्य पश्चिमेकडे वळणार, हें फ्रान्सला दिसत होतें. त्याच महिन्याच्या अखेरीस फ्रेंच फौजांनीं फिलिप्सबुर्गला वेढा दिला. पुढील वर्षीं हायडेलबर्ग, मानहाइम, स्पायर, वर्म्स हीं शहरें जाळलीं गेलीं. त्या राखेचा हिशेब एका खिडकीवर मांडणें म्हणजे राजाला व त्याच्या सल्लागारांना फार स्वस्तांत सोडणें होय. लुव्हवाला युद्ध हवें होतें हें खरें. पण तें हवें असावयास त्याला खिडकीची गरज नव्हती.

तह १६९७ मध्यें रिस्विक येथें झाला. तो पाहण्यास लुव्हवा उरला नाहीं. १६९१ च्या जुलैंतच तो वारला. इमारतींचा अधिकार व्हिलासेर्फ याजकडे गेला. लुव्हवाचे ते संतापाचे उद्गार ऐकणाऱ्यांत सँ-सिमोंनें ज्यांचीं नांवें घेतलीं आहेत, त्यांपैकींच हा एक. त्याच्यामागून १६९९ मध्यें ती जागा मांसारला, म्हणजे खुद्द त्रियानोंच्या स्थापत्यविशारदालाच मिळाली.