दोन शेजाऱ्यांची साक्ष

स्मरणिका समितीने 'घर' या विषयावर काहीतरी लिहा म्हणून सांगितलं. बँकेत बरीच वर्षं गृहकर्जाची कागदपत्रं तपासण्यात गेली, त्यामुळे घर म्हटलं की मला आधी कागद आठवतो. असाच एक कागद हाती यायला ज्यांना वयाची पन्नाशी गाठावी लागली, अशा एका गृहस्थांची ही हकीकत.

त्यांचं नाव चार्ल्स इंगल्स. जन्म १८३६ सालचा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. त्यांची मुलगी लॉरा हिने पुढे 'लिटल हाउस' ही पुस्तकमालिका लिहिली. नातीमुळे ती पुस्तकं मी सत्तरीत वाचली.

१८६२ साली अमेरिकेत होमस्टेड कायदा झाला. १६० एकर सरकारी जमीन नाममात्र फी भरून मिळे. अट अशी, की पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची आणि शेवटी दोन विश्वासू साक्षीदार उभे करायचे. 'हा माणूस खरंच इथे राहिला' हे सांगणारे हे दोघे बहुधा शेजारीच असत. मग पट्टा मिळायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण इंगल्स कुटुंबाची वणवण पाहा. विस्कॉन्सिनमधलं घर विकून १८६९ मध्ये ते कॅन्ससला गेले. तिथे स्वतःच्या हातांनी लाकडाचं घर बांधलं. पण ती जमीन ओसेज या मूळ रहिवाशांची होती, इंगल्स यांचा तिथे काहीच हक्क नव्हता. त्यातच विस्कॉन्सिनच्या घराच्या खरेदीदाराला उरलेले पैसे देणं जमेना. १८७१ मध्ये मंडळी परत फिरली. थकबाकीचा त्रास तिथेही होताच म्हणायचा!

पुढे मिनेसोटात गव्हाचं शेत केलं, तर टोळधाडीने पीक फस्त केलं. घरखर्चासाठी हा माणूस दूरवर मजुरीला गेला. १८७५ मध्ये मुलगा झाला, तो नऊ महिन्यांचा होऊन वारला. लॉराने आपल्या पुस्तकांत या भावाचा उल्लेखसुद्धा केलेला नाही. १८७९ मध्ये थोरल्या मेरीची दृष्टी गेली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

इतकं होऊनही १८८० मध्ये त्यांनी डाकोटात, डी स्मेट गावाजवळ जमिनीसाठी अर्ज केला. लगेच आलेला हिवाळा भयंकर होता. बर्फाने रेल्वे काही महिने बंद पडली, गावात कोळसा आणि पीठ संपलं. हे कुटुंब गवत पिळून त्याच्या जुड्या जाळी आणि कॉफीच्या गिरणीत गहू दळून त्याची भाकर खाई. संध्याकाळी चार्ल्स फिडल वाजवत. पण थंडीने बोटं इतकी आखडली, की तेही थांबलं.

शेवटी १८८६ मध्ये साक्षी-पुरावे होऊन ती जमीन त्यांच्या नावावर झाली. पण शेतीने हात दिला नाही. सुतारकाम आणि गावातली लहानमोठी सरकारी कामं यांवरच संसार चालला. १८८७ मध्ये त्यांनी गावात स्वतः घर बांधलं आणि पुढे शेत विकून टाकलं. ज्या कागदासाठी एवढा जीव काढला, तो असा हातचा गेला.

८ जून १९०२ रोजी त्याच घरात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ६६. लॉरा मिसूरीहून आगगाडीने वडिलांच्या शेवटच्या भेटीला आली होती. फिडल तिच्याकडे आली, आणि तीस वर्षांनी, १९३२ मध्ये, तिचं पहिलं पुस्तक निघालं. पत्नी कॅरोलाइन आणि अंध मेरी यांना त्या घराचं छप्पर पुढेही लाभलं. कॅरोलाइन १९२४ मध्ये तिथेच वारल्या. मला विचाराल तर चार्ल्स यांची खरी कमाई तेच घर.

त्या कायद्यातली साक्षीची अट मात्र माझ्या मनातून जात नाही. आपल्या शेअर सर्टिफिकेटवर शेजाऱ्यांची सही लागत नाही. पण माझी पत्नी आजारी पडली त्या रात्री लिफ्ट बंद होती. तिला खुर्चीत बसवून चार मजले खाली उतरवणारे दोघे शेजारीच होते. त्यातले एक आज आपल्यात नाहीत. मी या इमारतीत खरोखर राहिलो, याची साक्ष कुणी मागितली, तर मी त्या दोघांचीच नावं देईन.