भीमाशंकरची घंटा आणि दोन चिमाजी

मंचरहून घोडेगाव, डिंभे मागे टाकत भीमाशंकरला गेलेला भाविक ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेतो, आवारातल्या शनिमंदिरापाशी टांगलेल्या जाडजूड घंटेला एक टोला देतो आणि प्रसादाच्या दुकानाकडे वळतो. देऊळ महसुली कागदांत खेड तालुक्यातलं, पण वाट आंबेगावची, म्हणून जुन्नर-आंबेगावचे लोक त्याला आपलंच म्हणतात. घंटा चर्चची आहे, हेही बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथल्या चर्चच्या घंटा आणून देवळांना वाटल्या, त्यांतली ही एक. वाईजवळच्या मेणवलीला एक आहे, तिच्यावर 1707 साल आहे. नाशकात नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर 1721. गोष्ट सहसा इथे संपते.

मला मात्र एक साधा प्रश्न पडला. इथे येण्याआधी या घंटा रोज कशासाठी वाजत होत्या? लग्न, मयत, रविवारची मिस्सा हे आलंच. पण पोर्तुगीज मुलखातल्या चर्चची घंटा पहाटे, दुपारी आणि दिवेलागणीला, अशी रोज तीनदाही वाजे. तीन ठोके, थोडी उसंत, पुन्हा तीन, पुन्हा तीन आणि मग लांबवर घणघणाट. ऐकणारा हातातलं काम थांबवून एक छोटी प्रार्थना म्हणे. देवदूतानं मरियेला निरोप दिला, तिनं तो मान्य केला आणि देवाचा शब्द देह धारण करून माणसांत राहायला आला, एवढाच तिचा मजकूर. प्रत्येक टप्प्यानंतर ‘नमो मरिया’. म्हणजे रोज तीनदा वाजणारी ही घंटा नाताळाचीच होती. निरोपाचा सण 25 मार्चला आणि जन्माचा बरोबर नऊ महिन्यांनी, 25 डिसेंबरला. आपण नाताळ वर्षातून एकदा येतो असं समजतो; वसईच्या शेतकऱ्याकडे तो दिवसातून तीनदा येत होता. भीमाशंकरच्या घंटेचं मूळ काम हे होतं, आणि तिच्याबद्दलच्या सगळ्या शौर्यकथांत नेमकं हेच कुणी सांगत नाही.

ही रीत युरोपात तेराव्या-चौदाव्या शतकात संध्याकाळच्या घंटेपासून वाढत गेली. दुपारच्या घंटेला पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या 1456 च्या फर्मानानं जोर आला. निमित्त बेलग्रेडला पडलेल्या तुर्की वेढ्याचं. आपल्याकडे कुणी उत्साही माणूस लगेच म्हणेल, ही तर आपली त्रिकाळ संध्या! मोह मलाही झाला, पण ते टिकत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रार्थना करण्याचा उल्लेख यहुद्यांच्या स्तोत्रांतच आहे. ख्रिस्ती लोकांना त्यासाठी गंगेकाठी यायची गरज नव्हती. सूर्य सगळ्यांना तीनच ठळक वेळा देतो.

साम्य शोधायचंच तर ते दुसरीकडे आहे. कॅथलिक घंटा ओतून झाली की ती लगेच वाजवत नसत. बिशप तिला पवित्र पाण्यानं धूत, तेलानं अभिषेक करीत, संताचं नाव देत. तिच्या आवाजानं वादळ आणि दुष्ट शक्ती पळतात अशी श्रद्धा होती. आपल्या पूजेतही घंटेचा नाद कशासाठी? देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं यासाठी. वसईच्या घंटा भीमाशंकरला, मेणवलीला, नाशकाला इतक्या सहज रुळल्या त्याचं कारण मला इथे दिसतं. त्यांना नवं काम शिकावंच लागलं नाही.

नाहीतर त्या वितळवल्या जायच्या. युरोपात शहर पडलं की तिथल्या घंटांवर तोफखान्याच्या सरदाराचा हक्क लागे, कारण घंटा आणि तोफ या एकाच कुळातल्या. दोन्ही तांबं आणि कथील. तोफेत कथील शंभरात दहाच्या आसपास, घंटेत वीस-बावीस. कथील वाढलं की धातू घणघणतो, पण ठिसूळही होतो. याला एक जबरदस्त अपवाद आमच्याच बाजूचा आहे. निजामशाही 1490 मध्ये जुन्नरला सुरू झाली, मग राजधानी अहमदनगरला गेली, आणि तिथे 1549 मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओताऱ्यानं ‘मुलूख-ए-मैदान’ ओतली. आज ती विजापुरात आहे. तिच्या धातूत सुमारे 80 भाग तांबं आणि 20 भाग कथील निघालं. तोफेच्या आकाराची घंटाच म्हणा. धातूचं हे नातं मराठ्यांच्या ओताऱ्यांना नक्की ठाऊक असणार. तोफांची निकड असतानाही इतक्या घंटा शाबूत राहिल्या, हा अपघात नव्हे. कुणीतरी ‘ही देवाची वस्तू’ असं म्हणून त्या वेगळ्या काढल्या.

कुणी? इथे मला प्रचलित कथा खुपते.

भीमाशंकरचा सभामंडप पुण्याचे सावकार चिमाजी अंताजी नाईक भिंडे यांनी 1737 मध्ये बांधला असं सांगतात. म्हणजे या देवळाच्या इतिहासात चिमाजी दोन आहेत: एक पेशव्यांचा भाऊ, वसईचा विजेता, दुसरा सावकार, मंडपाचा दाता. विजेत्याच्या नावानं पोवाडे झाले, सावकाराचं नाव माहितीपत्रकाच्या एका ओळीत उरलं. ‘चिमाजींनी दिली’ एवढंच पुजाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या चाललं असेल, तर ऐकणाऱ्यानं कोणता चिमाजी धरला असेल हे सांगायला नको.

अप्पांच्या बाजूनं बोलणारे म्हणतील, घंटा वसईच्या आणि वसई अप्पांची. मान्य. पण वसईच्या मोहिमेसाठी अप्पांनी नवस केला तो वज्रेश्वरीला, आणि फेडला तोही तिचं देऊळ बांधून. भीमाशंकरशी त्यांचा असा नवसाचा धागा कथेत कुठे येत नाही. शिवाय घंटा वसईचीच कशावरून? ठाणे आणि साष्टी बेट मराठ्यांनी दोन वर्षं आधीच, 1737 च्या वसंतात घेतलं होतं. साष्टीत पोर्तुगीजांच्या चर्चेसची रांग होती. त्याच वर्षी घाटमाथ्यावर एक नवा मंडप उभा राहत होता आणि त्याचा धनी पुण्याचा सावकार. मोहिमांना कर्ज पुरवणाऱ्या सावकारांच्या हाती लुटीतली एखादी घंटा येणं अगदी स्वाभाविक. माझा कौल म्हणून असा: भीमाशंकरची घंटा साष्टीची, आणि दाता सावकार चिमाजी. मंडप आणि घंटा यांचं एक साल जुळणं हा माझा सगळ्यात भक्कम पुरावा आणि सगळ्यात कच्चा दुवाही तोच. मंडप झाल्यावर घंटा दोन वर्षांनी आली असं म्हणायला कुणाला आडकाठी नाही. पण मग अप्पांच्या कथेला तरी ‘ऐकलं आहे’ यापलीकडे आधार काय?

वाटेबद्दलही एक तर्क करतो. पुण्याला जायची घंटा बोरघाटानं गेली असेल, नाशकाची थळघाटानं. भीमाशंकरच्या खाली खांडसहून शिडीघाट आणि गणेशघाट चढतात, पण शिडीनं घंटा चढवणं वेडेपणाच. साष्टीहून खाडीनं कल्याण, पुढे मुरबाड, नाणेघाट, जुन्नर, घोडेगाव ही वाट लांबची खरी, पण ओझ्याच्या जनावरांना सवयीची. कल्याणच्या माणसानं घाटावर देणगी पाठवण्याची रीतही जुनी आहे. लेण्याद्रीवर गिरिजात्मजाशेजारी जे चैत्यगृह आहे, ते कल्याणच्या सुलसदत्तानं दिल्याचं तिथला ब्राह्मी लेख सांगतो. कोकणच्या बंदरातला पैसा आणि घाटावरचा देव यांची सोयरीक पेशवाईच्या पंधरा-सोळाशे वर्षं आधीची.

आता थोडं धाडसाचं. देवळाच्या अंगणात, माणसाच्या डोक्यावर, स्वतंत्र खांबांत टांगलेली जडशीळ घंटा आपल्याकडे या चर्चच्या घंटांनंतर रूढ झाली असं मला वाटतं. विरोधक मंदिरशिल्पांतल्या घंटामाळा दाखवतील. बरोबरच आहे, घंटा आपली जुनीच, पण ती हातातली, नाहीतर दारातली. गावभर ऐकू जावी म्हणून ओतलेली घंटा ही वेगळी कल्पना. नाशकात गोदेला पूर आला की नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं का, हे विचारलं जाई. देवळातली घंटा गावाची झाली ती अशी. चर्चची घंटा पहिल्यापासून गावचीच होती.

कॅथलिक लोक या भागात नंतर मिशनच्या वाटेनं आले. पुणे धर्मप्रांत 1886 चा. नगर जिल्ह्यातल्या केंदळला फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये ‘निरोप्या’ मासिक काढलं, ते पुढे पुण्याचे बिशप झाले. देवदूताच्या निरोपाची प्रार्थना घाटावरच्या मराठी घरांत अशा छापील कागदांतून पोचली असणार. आज जुन्नर, नारायणगाव, मंचरला विखुरलेल्या कुटुंबांना चर्चची घंटा घरबसल्या ऐकू येईलच असं नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळात गव्हाण मांडताना, मेणबत्ती लावताना वेळ घड्याळ सांगतं. आणि त्या प्रार्थनेसाठीच ओतलेली एक घंटा त्याच मुलखात, सह्याद्रीच्या धारेवर, शंकरासाठी वाजते आहे.

सावकाराबद्दलचा माझा तर्क खोटा पाडणं सोपं आहे. पोर्तुगीज घंटांवर ओतल्याचं साल असतं, कित्येकदा संताचं किंवा चर्चचं नावही. घोडेगाव-जुन्नरच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या मुलांनी देवस्थानाची परवानगी काढून या घंटेवर जे काही उमटलं आहे त्याचा कागदी ठसा घ्यावा. संत साष्टीतल्या एखाद्या चर्चचा निघाला तर सावकार जिंकला, वसईचा निघाला तर अप्पा. एवढं होईपर्यंत देवस्थानाला एकच विनंती: घंटेला रंग लावू नका.