स्क्रू सैल केला तरी आरपीएम उतरेना

आज ब्रिटनची एमजीबी, 1962 ची स्पोर्ट्‌स कार. इंजिन बीएमसीच्या बी-सीरिजचं, म्हणजे आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचं भावंडच. त्यावर दोन एसयू कार्ब्युरेटर. एसयू म्हणजे स्किनर युनियन. हे स्किनर बूट विकणाऱ्या घराण्यातले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमधला भाता चक्क चामड्याचा होता!

आता मुद्दा. गाडी उभी, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन दीड हजार आरपीएमवर धडधडतंय. आयडल स्क्रू पूर्ण सैल केला तरी उतरत नाही. म्हणजे हवा भलतीकडून येतेय. पहिला संशयित थ्रॉटलचा झिजलेला स्पिंडल. तिथे कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा (ठिणगीपासून जपून हां). आरपीएम बदललं की चोर सापडला.

नाही बदललं, तर दुसरा चोर इतिहासातला. अमेरिकेने 1968 च्या मॉडेल्सपासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातल्या. वेगात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की न जळलेलं पेट्रोल बाहेर पडायचं. म्हणून थ्रॉटलच्या चकतीतच स्प्रिंगवाला छोटा व्हॉल्व्ह बसवला. इंजिनाची ओढ वाढली की उघडणारा. आज ती स्प्रिंग थकलीय, व्हॉल्व्ह आयडललाही उघडतो. तोही बहुधा एकाच कार्ब्युरेटरमध्ये, म्हणून धडधड. आमच्याकडे जुन्या कोडमधला पॅच असाच छळतो.

काही जण व्हॉल्व्हला डाख देतात. मी म्हणेन, सरळ साधी चकती बसवा. डाख सुटून इंजिनात गेला तर? मग रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरचा सूंऽऽ आवाज सारखा करून घ्या.