काचेच्या पेटींतला श्वास

दिवाणखान्यांत शोभेचे मासे पाळण्याची हौस ज्याला लागते, तो दुकानांत गेला म्हणजे मासे, वाळू व पाणवनस्पति ह्यांच्याबरोबर आणखी दोन वस्तु त्याच्या हातीं पडतात: एक लहानसा गुणगुणणारा एअर पंप, आणि त्याच्या नळीच्या टोंकास लावावयाचा बोटाच्या पेराएवढा सच्छिद्र एअर स्टोन. पंप केवढा घ्यावा, दगड बारीक छिद्रांचा असावा कीं मोठ्या, हे प्रश्न तो विचारतो. आणि दुकानदार बहुधा पेटीच्या लांबीवरून उत्तर देतो. परंतु हा पंप मुळांत करतो काय, असें क्वचितच कोणी विचारतें. कारण त्याचें उत्तर उघड आहे असें सर्वांस वाटतें. पाण्यांत बुडबुडे सोडले कीं त्यांतली हवा पाण्यांत विरते व मासे ती घेतात. हें उत्तर अगदींच खोटें नाहीं, पण फार अपुरें आहे; आणि खरें उत्तर सर्वमान्य होण्यास सुमारें शंभर वर्षें लागलीं. त्या शंभर वर्षांची हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे. पंप विकत घेणाऱ्यास ती निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

जलचरांचें निरीक्षण करण्यासाठीं काचेच्या पेटीचा शास्त्रीय उपयोग १८३२ सालीं सिसिली बेटांत जान व्हिलप्रू-पॉवर ह्या फ्रेंच विदुषीनें केला. आर्गोनॉट नांवाचा अष्टपादांच्या वर्गांतला प्राणी आपलें कवच स्वतः घडवितो कीं दुसऱ्याचें बळकावतो, हा तिचा प्रश्न होता. आणि तो स्वतःच घडवितो हें तिनें सिद्ध केलें. समुद्र दाराशीं असल्यामुळें ताज्या पाण्याची तिला वाण नव्हती. खरी अडचण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची होती. १८४६ सालीं ॲना थिन ही वेस्टमिन्स्टर येथील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोंवळीं घेऊन लंडनला आली. समुद्राचें पाणी रोज आणविणें शक्य नव्हतें, आणि सांचलेल्या पाण्यांत पोंवळीं जगणार नव्हतीं. तेव्हां बाईंनीं एक उपाय योजिला. उघड्या खिडकीपुढें उभें राहून तेंच पाणी ह्या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतावयाचें, आणि असें रोज अर्धा-पाऊण तास करावयाचें. हें काम अर्थात् बाईंनीं स्वतः केलें नाहीं. तें त्यांच्या घरांतल्या एका लहान मोलकरणीनें केलें. त्या मुलीस ती एक करमणूकच वाटे, असें बाईंनीं पुढें लिहून ठेवलें आहे. मुलीचें मत काय होतें तें कळावयास मार्ग नाहीं, आणि बाईंच्या लेखांत तिचें नांवही नाहीं. तथापि काचेच्या पेटींतल्या प्राण्यांस हवा पुरविणारा पहिला पंप म्हणजे त्या मुलीचे दोन हात होत, असें म्हणावयास हरकत नाहीं. पोंवळीं जगलीं, म्हणजे उपाय बरोबर होता. मात्र तो बरोबर कां, ह्याचा विचार होण्यापूर्वींच दुसरी एक अधिक मोहक कल्पना पुढें आली.

ती कल्पना रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाची. १८४९ सालीं त्यानें एका भांड्यांत दोन सुवर्णमत्स्य व व्हॅलिस्नेरिया नांवाची गवतासारखी पाणवनस्पति ठेविली. पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यानें पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं व पाणी निवळलें. मासे जो वायु सोडतात तो वनस्पति घेते, वनस्पति जो प्राणवायु सोडते तो मासे घेतात, आणि उरलेला मळ गोगलगाई साफ करतात, असें हें चक्र पूर्ण झालें. १८५० सालीं त्यानें आपला प्रयोग रसायनपरिषदेपुढें मांडला. त्यानंतर १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, १८५४ सालीं फिलिप हेन्‍री गॉस ह्याचा ‘द अक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला, आणि घरोघर काचेच्या पेट्या दिसूं लागल्या. जिला बाहेरून कांहींच लागत नाहीं, अशी एक लहानशी सृष्टि आपल्या मेजावर आहे, ह्या विचारांत त्या काळच्या भाविक मनास मोठें समाधान होतें. ह्या सृष्टींत ईश्वराची योजना दिसे, आणि मोलकरीण दिसत नसे.

परंतु पुष्कळ घरांत मासे मेले. दिवसां टवटवीत दिसणारे मासे पहाटे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत आणि सकाळपर्यंत उलटे होत. ह्याचें कारण त्या काळीं अज्ञात होतें असेंही नाहीं. वनस्पति बिघडलेली हवा सुधारते हें प्रीस्टले ह्यानें १७७१ मध्यें पाहिलें होतें. पण ती हें कार्य केवळ उजेडांत करते, अंधारांत ती स्वतःच हवा बिघडविते, हें इंगेनहाउस ह्यानें १७७९ सालींच दाखवून दिलें होतें. म्हणजे वॉरिंग्टनच्या चक्राचा अर्धा भाग रोज सूर्यास्तास बंद पडतो, ही गोष्ट सत्तर वर्षें छापील पुस्तकांत पडून होती. सुंदर सिद्धान्ताची मोहिनी अशी असते कीं, त्याच्या विरुद्धचा पुरावा कपाटांत असूनही कोणी कपाट उघडीत नाहीं. पेटी बिघडली कीं दोष सिद्धान्तास न लागतां मालकास लागे: वनस्पति कमी घातल्या असतील, किंवा मासे जास्त झाले असतील. पुष्कळांनीं कंटाळून पेट्या अडगळींत टाकल्या, आणि १८६० नंतरच्या वर्षांत ही हौस ओसरली.

ज्यांस हजारों प्राणी जगवून पोट भरावयाचें होतें, त्यांना मात्र सिद्धान्तावर विसंबून भागण्यासारखें नव्हतें. विल्यम आल्फर्ड लॉइड हा लंडनचा मत्स्यपेट्यांचा व्यापारी पुढें मोठमोठ्या मत्स्यालयांचा रचनाकार झाला. १८६४ सालीं उघडलेलें हँबुर्गचें व १८७१ सालीं उघडलेलें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचें मत्स्यालय ह्यांत त्याचा मुख्य भर वनस्पतींवर नसून वाहत्या पाण्यावर होता. क्रिस्टल पॅलेस येथें पेट्यांच्या खालीं मोठा अंधारा हौद होता; वाफेच्या यंत्रानें तेथलें पाणी वर चढे, धारेनें हवा घेत पेट्यांत पडे, आणि पुन्हां खालीं हौदांत जाई. मोलकरणीचें काम आतां वाफेचें यंत्र करूं लागलें. घरोघर असें यंत्र बसविणें अर्थात् शक्य नव्हतें. म्हणून घरांतल्या पेटीस साजेसे मासेच शोधले गेले. १८६९ सालीं चीनमधून पॅरिसला पोंचलेल्या व तेथें कार्बोनिए ह्यानें पैदास केलेल्या पॅराडाइझ माशाचें उदाहरण बोलकें आहे. ह्या माशाच्या डोक्यांत कल्ल्यांच्या वर एक चक्रव्यूहासारखा अवयव असतो. त्याच्या साहाय्यानें तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेंतला श्वास घेतो. पाणी प्राणवायूनें दरिद्री असलें तरी त्याचें अडत नाहीं. आपल्या ओळखीचे गुरामी व फायटर हे त्याचेच भाऊबंद होत.

पुढें विजेचा प्रसार झाल्यावर छोट्या विद्युत्-पंपांचा काळ आला. प्रथम दट्ट्याचे पंप होते. मग आजचा कंपनशील पंप रूढ झाला. त्यांत विद्युच्चुंबक एका लहान दांडीस दर सेकंदास अनेक वेळां हलवितो, दांडीस लावलेला रबराचा पडदा भात्याप्रमाणें आंतबाहेर होतो, आणि दोन झडपा हवेस एकाच दिशेनें जाऊं देतात. पंप आले, बुडबुडे आले, मासे जगूं लागले. तरी वनस्पति व मासे ह्यांच्या ‘समतोल पेटी’ची कथा पुस्तकांतून गेली नव्हती. १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या मत्स्यालयांतील जेम्स ॲट्झ ह्यानें ती कथा ‘मिथ्यकथा’ आहे असें स्पष्ट लिहिलें. पेटींतल्या माशांस जगविणारी मुख्य गोष्ट वनस्पति नसून पाण्याचा उघडा पृष्ठभाग आहे; तेथूनच प्राणवायु आंत येतो व कर्बवायु बाहेर जातो, हें त्याचें प्रतिपादन होतें.

हें कसें, तें कांहीं आंकड्यांवरून कळेल. एक लिटर हवेंत सुमारें पावणेतीनशें मिलिग्रॅम प्राणवायु असतो. एक लिटर गोड्या पाण्यांत मात्र २० अंश सेल्सिअसला अवघा ९ मिलिग्रॅम मावतो, आणि ३० अंशांस साडेसात. म्हणजे आपल्याकडील वैशाखांत पाणी जेव्हां अधिक दरिद्री होतें, नेमकी तेव्हांच उष्णतेमुळें माशांची गरज वाढते. शिवाय स्थिर पाण्यांत प्राणवायु हवेच्या मानानें सुमारें दहा हजार पटींनीं सावकाश पसरतो. वरचा थर तृप्त असला तरी तळचा थर उपाशी राहतो. बुडबुडा एक-दीड हात खोलीचें पाणी चढून जातो तो जेमतेम एकदोन सेकंदांत; तेवढ्या अवकाशांत त्याच्याकडून मिळणारें दान अल्पच. त्याचें मोठें काम निराळें आहे. वर जातां जातां तो तळचें पाणी आपल्याबरोबर ओढतो, आणि पृष्ठभाग फोडून सतत नवा करतो. पंप पाण्यांत हवा भरतो असें म्हणण्यापेक्षां तो पाण्यास हवेकडे घेऊन जातो, असें म्हणणें अधिक खरें. मोलकरीण दुसरें काय करीत होती?

आतां निवडीचा प्रश्न सोपा होतो. दगडाचीं छिद्रें जितकीं बारीक, तितके बुडबुडे लहान. आणि तेवढ्याच हवेचे बुडबुडे निम्म्या व्यासाचे झाले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो, हें खरें. पण बारीक छिद्रांतून बुडबुडा बाहेर ढकलण्यास दाब अधिक लागतो. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्रास पाण्याच्या सुमारें सहा सेंटिमीटर उंचीइतका दाब पुरतो. त्याच्या दशांश छिद्रास तो साठ सेंटिमीटरांच्या जवळ जातो. त्यांत पेटीची खोली मिळवावयाची. म्हणून उंच पेटीस, व बारीक दगडास, दाब देऊं शकणारा पंप हवा. केवळ तासास किती लिटर हवा येते ह्या आंकड्यावर भुलूं नये, कारण तो आंकडा बहुधा विरोध नसतांनाचा असतो. क्षारयुक्त पाण्यानें व शेवाळानें दगड तुंबतो, दाब वाढतो, आणि बिचारा रबरी पडदा फाटतो. पंप निकामी झाला असें आपण म्हणतों, पण पुष्कळदां तुंबलेला दगडच अपराधी असतो. तो स्वस्त असतो. वेळच्या वेळीं बदलावा. उथळ व पसरट पेटी, थोडे मासे आणि भरपूर उघडा पृष्ठभाग असेल, तर लहान पंपही पुरतो. फायटर-गुरामींस जोराचा प्रवाह त्रासदायक होतो. त्यांना मंद हवाच बरी. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, अथवा नळींत एकेरी झडप बसवावी. नाहींतर वीज गेली कीं पाणी नळींतून उलट चढून पंपांत व तेथून जमिनीवर येतें.

वीज जाण्याची गोष्ट निघाली म्हणून शेवटीं एक सांगावयाचें. गच्च भरलेल्या पेटीचा पंप रात्रीं बंद पडला, तर पहाटेपर्यंत वाट पाहणें धोक्याचें असतें. कारण मासे, वनस्पति आणि वाळूंतले सूक्ष्म जंतु असे सर्वच त्या वेळीं एकाच तुटपुंज्या सांठ्यांतून घेत असतात. अशा वेळीं घरांतल्या कोणी तरी उठावें, एक स्वच्छ तांब्या घ्यावा, आणि पेटींतलेंच पाणी भरून वीतभर उंचीवरून पुन्हां पेटींत ओतीत राहावें. दहापंधरा मिनिटांत पृष्ठभागाशीं धापा टाकणारे मासे खालीं जाऊं लागतात. हात दुखूं लागले म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या त्या मुलीची आठवण करावी. जिला बाहेरून कांहींच लागत नाहीं अशी सृष्टि काचेंत कधींच नव्हती. तिच्यामागें प्रथम एक मुलगी होती, मग वाफेचें यंत्र आलें, आणि आतां कोपऱ्यांत गुणगुणणारी एक पेटी आहे. तिचा आवाज रात्रीं झोंपमोड करतो म्हणून ती बंद करण्यापूर्वीं, हें सर्व काम उद्यां सकाळपर्यंत दुसरें कोण करणार, एवढा प्रश्न आपण स्वतःस विचारावा.