चार फोटो आणि एक बाड

मंडळी, घराचं कर्ज असो, व्हिसा असो नाहीतर नव्या कंपनीतलं जॉइनिंग, एक ओळ हमखास भेटते: 'सर्व कागदपत्रे एकाच पीडीएफ फाईलमध्ये जोडावीत.' मग आपण मोबाईलवर आधार, पॅन, भाडेकरार, पगाराच्या स्लिपा यांचे पटापट फोटो काढतो, ब्राउझर उघडून 'इमेज टु पीडीएफ' शोधतो, जी पहिली साईट येईल तिच्या गळ्यात सगळं टाकतो आणि मिनिटभरात फाईल हातात! मधल्या मिनिटात ते फोटो कुठे जाऊन आले, हे मात्र कुणी विचारत नाही. आजचा वीकेंड त्या एका मिनिटाच्या इतिहासाला.

अनेक चित्रं एकाच फाईलमध्ये बांधायची गरज पीडीएफपेक्षा जुनी आहे. आल्डस नावाच्या कंपनीने १९८६ साली स्कॅनरसाठी टिफ हा फॉरमॅट आणला. त्यातली युक्ती इंजिनीअरिंगला डेटा स्ट्रक्चर्स शिकलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. प्रत्येक चित्राच्या माहितीच्या तक्त्याशेवटी पुढच्या तक्त्याचा पत्ता लिहायचा आणि शेवटच्या तक्त्यात शून्य. म्हणजे चक्क लिंक्ड लिस्ट! फॅक्स आणि स्कॅनरवाल्यांचं काम यावर मजेत चालायचं.

दुसरीकडे अडोबीचे संस्थापक जॉन वॉरनॉक वेगळ्याच विवंचनेत होते. त्यांची पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरसाठी झकास होती, पण ती पडली प्रोग्रॅमिंगची भाषा. पन्नासावं पान बघायचं तर त्याआधीचा प्रोग्रॅम चालवत तिथवर जा. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बनलेला कागद कुठल्याही मशीनवर जसाच्या तसा दिसावा आणि छापता यावा, असा विचार त्यांनी १९९१ साली 'कॅमलॉट' या टिपणात मांडला. त्यातून जून १९९३ मध्ये पीडीएफ बाहेर आलं. गंमत म्हणजे ते वाचायचं रीडरसुद्धा तेव्हा विकत मिळायचं, किंमत ५० डॉलर. १९९४ मध्ये ते फुकट झालं आणि मगच गाडी सुटली. त्याच वर्षी अडोबीने आल्डसलाही आपल्यात सामावून घेतलं, म्हणजे टिफ आणि पीडीएफ एकाच घरात नांदायला लागले.

पन्नासाव्या पानाचा प्रश्न पीडीएफने कसा सोडवला? पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तसा. फाईलमधल्या प्रत्येक वस्तूला नंबर, आणि कोणती वस्तू कितव्या बाइटवर आहे याचा तक्ता फाईलच्या शेवटी. तक्त्यातली प्रत्येक ओळ बरोब्बर २० बाइट्सची, त्यातले पहिले १० आकडे म्हणजे पत्ता. वाचणारा प्रोग्रॅम आधी शेपूट बघतो आणि हव्या त्या पानावर उडी मारतो.

आता फोटोंकडे येऊ. आपल्या मोबाईलमधले बरेचसे फोटो जेपेग असतात. हे स्टँडर्ड १९९२ चं. त्याच्या पोटातलं गणित, म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या पेपरच्या तीन लेखकांमधले पहिले नासिर अहमद, मूळचे बंगळूरचे! आणि पीडीएफने १९९३ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच जेपेगचे बाइट्स जसेच्या तसे पोटात ठेवायची सोय केली होती.

याचा अर्थ लक्षात आला का? जेपेगचं पीडीएफ करताना 'कन्व्हर्ट' असं फारसं काही होतच नाही. फोटोची लांबी-रुंदी वाचायची, तेवढं पान आखायचं (ए-फोर हवं असेल तर ५९५ बाय ८४२ पॉइंट), 'हे चित्र इथे लाव' अशी एक सूचना लिहायची, बाइट्स कॉपी करायचे, शेवटी पत्त्यांचा तक्ता. झालं बाड तयार! कुठल्याही साध्या लॅपटॉपला हे काम किरकोळ आहे.

मग एवढ्यासाठी आपलं आधार कार्ड परक्या सर्व्हरवर का पाठवायचं? तर एके काळी इलाज नव्हता. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला आपल्या डिस्कवरची फाईल वाचायची परवानगीच नव्हती, फॉर्ममधून अपलोड हाच राजमार्ग. नोव्हेंबर २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने फाईल एपीआयचा मसुदा काढला आणि जानेवारी २०१० च्या फायरफॉक्स ३.६ मध्ये ही सोय आली. जेम्स हॉल यांच्या जेएसपीडीएफने २००९ मध्येच दाखवून दिलं होतं की अख्खं पीडीएफ ब्राउझरमध्येच बनू शकतं. थोडक्यात, सक्ती तेव्हाच संपली. सवय उरली.

आज दोन्ही प्रकारच्या साईट्स आहेत, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायची एक साधी युक्ती: पान पूर्ण उघडलं की वायफाय बंद करा आणि मग फोटो टाका. फाईल तरीही तयार झाली तर काम तुमच्याच मशीनवर झालं. फाईल सेव्ह करा, तो टॅब बंद करा, मगच वायफाय चालू करा. अडून बसली तर समजा, की फोटो बहुधा बाहेर जाणार होते. (खरं तर साईटचीही गरज नाही. विंडोज १० पासून फोटो निवडून प्रिंटमध्ये पीडीएफचा पर्याय मिळतो, मॅकवर प्रीव्ह्यू आहेच.)

'जसेच्या तसे बाइट्स' याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते अक्षांश-रेखांश जेपेगमध्येच लिहिलेले असतात. टूलने ते पुसले नाहीत तर तेही पीडीएफमध्ये गुपचूप शिरतात. फोटो आडवा की उभा हेही जेपेगमध्ये असंच टिपलेलं असतं, पण पीडीएफ वाचणारे प्रोग्रॅम ती टीप बघत नाहीत. म्हणून टूलने काळजी घेतली नाही तर पॅन कार्ड आडवं पडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशा बाडात अक्षरं नसतात, अक्षरांचे फोटो असतात. शोधायला गेलात तर स्वतःचं नावसुद्धा सापडत नाही, आणि अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला ते पान कोरंच वाटतं. ओसीआर केलं तरच त्यात मजकूर येतो.

वॉरनॉक यांचा कागद सगळीकडे सारखा दिसायला हवा होता, आणि तसा तो दिसतोही. तो कुणाकुणाला दिसावा, हे मात्र त्या फॉरमॅटच्या हातात नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी तो मोठ्ठा 'अपलोड' दाबण्याआधी वायफायकडे एक नजर टाका. भेटूच पुढच्या वीकेंडला.