शिक्षेऐवजी हजेरी

जून १९८९. तुम्ही मायामीत आहात. सकाळीच सदरा पाठीला चिकटलाय, दुपारी धो धो पाऊस येणार हे आभाळाकडे पाहूनच कळतंय. समोर डेड काउंटीची फौजदारी न्यायालयाची इमारत आहे आणि जवळच तुरुंग. आत जाण्याआधी थोडं थांबा, कारण या शहराचं दुखणं समजल्याशिवाय आत चाललंय ते वेडेपणाचं वाटेल.

गेली दहा वर्षं कोलंबियातून येणारं कोकेन याच किनाऱ्यावर उतरतंय. त्याचे खडे बनवून ‘क्रॅक’ विकायला लागल्यापासून श्रीमंतांची नशा गल्लीत काही डॉलरांना मिळते. १९८६ मध्ये केंद्रीय कायदा आला: विक्रीसाठी बाळगलेलं पाच ग्रॅम क्रॅक सापडलं की किमान पाच वर्षं कैद. भुकटीच्या रूपातल्या कोकेनला तेवढीच शिक्षा व्हायला पाचशे ग्रॅम लागतात. भुकटी कोण ओढतं आणि खडे कोण, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जानेवारीत एका कृष्णवर्णीय मोटरसायकलस्वाराला पोलिसाची गोळी लागली, तेव्हा ओव्हरटाउन वस्ती पेटली होती. तुरुंग तुडुंब भरलेत. पकडा, कोंडा, सोडा, आणि काही महिन्यांत तोच माणूस पुन्हा पिंजऱ्यात.

याला कंटाळून मुख्य न्यायाधीश जेराल्ड वेदरिंग्टन यांनी आपले सहकारी हर्बर्ट क्लाइन यांना अभ्यासाला बसवलं. क्लाइन जे घेऊन आले त्यावर प्रशासकीय आदेश निघाला आणि या इमारतीतली एक खोली वेगळ्या कामासाठी ठरली. आता आत चला. मागच्या बाकावर बसा.

पुकारा होतो. एक तरुण पुढे येतो. तुम्ही वाट पाहताय की त्याचा वकील उठेल, सरकारी वकील हरकत घेईल, पुढची तारीख पडेल. तसं काहीच होत नाही. दोन्ही वकील आहेत, पण बाजूला. न्यायाधीश स्टॅन्ली गोल्डस्टाइन थेट त्या तरुणाशीच बोलतात. लघवीच्या तपासणीचे निकाल त्यांच्यापुढे आहेत, तो उपचारकेंद्रात किती दिवस आला आणि किती दिवस बुडवले हेही आहे. निकाल चांगला असेल तर भर कोर्टात शाबासकी मिळते आणि बाकांवरचे इतर आरोपी टाळ्या वाजवतात. न्यायालयात टाळ्या! तुम्ही बेलिफाकडे पाहता. तो कुणालाच दटावत नाही.

दुसरा येतो. याच्या नमुन्यात कोकेन सापडलंय. न्यायाधीशांचा आवाज चढतो. गोल्डस्टाइन एके काळी पोलिसात होते, रस्त्यावरचे बहाणे त्यांना पाठ आहेत. या माणसाला थोड्या दिवसांसाठी तुरुंगात पाठवतात, पण खटला पुन्हा सुरू होत नाही. आत उपचार चालू राहतात. बाहेर आल्यावर याच खोलीत, याच न्यायाधीशांसमोर त्याला उभं राहायचंय. पाय घसरणं हा या आजाराचाच भाग आहे, हे इथं गृहीत धरलंय. न येणं मात्र खपवून घेत नाहीत.

हे सगळं चालतं ते एका सहीवर, आणि ती सही जॅनेट रीनो यांची. सहा फुटांहून उंच अशा या बाई काउंटीच्या मुख्य सरकारी अभियोक्ता आहेत आणि त्यांना दर चार वर्षांनी निवडणूक लढवावी लागते. नशेबाजाला सोडणारी बाई म्हणून विरोधकांनी फलक लावले तर काय, हा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं मला वाटत नाही. तरी त्यांनी मान्य केलं: ज्याच्यावर अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा साधा गुन्हा आहे, त्यानं साधारण वर्षभर उपचार पूर्ण केले तर खटला काढून टाकायचा. पलीकडे बेनेट ब्रमर यांचं कार्यालय, म्हणजे गरीब आरोपींना सरकारी खर्चानं वकील देणारं. वकिलाचं शिक्षण त्याला एकच गोष्ट शिकवतं, अशिलाला सोडवणं. इथं त्याला अशिलाला सांगावं लागतं की पुरावा कच्चा आहे, तू लढून सुटू शकशील, पण सुटलास तर मरशील. मला या माणसांचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं. आपल्या धंद्याची जिंकण्याची सवय त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवली.

आता उपचारकेंद्रात चला. खुर्च्यांवर माणसं डोळे मिटून बसली आहेत, प्रत्येकाच्या कानाच्या बाहेरच्या भागात पाच बारीक सुया. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या लिंकन रुग्णालयातून आलेली ही ॲक्युपंक्चरची पद्धत. शेजारच्या खोलीत समुपदेशन चाललंय. ज्याला वस्तीत राहून नशा टाळणं झेपत नाही, त्याची निवासी केंद्रात सोय पाहतात. शेवटच्या टप्प्यात कम्युनिटी कॉलेज आणि नोकरीचा शोध. पैसा कुठून आला? वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांना ज्या ड्रायव्हिंगच्या वर्गाला बसावं लागतं, त्याच्या शुल्कातून. असला मार्ग शोधणाऱ्या कारकुनी डोक्यालाही माझा नमस्कार.

सुयांचं पुढे काय झालं ते पाहायला २००२ सालात डोकावा. कोकेनच्या व्यसनावर या सुयांचा वेगळा फायदा मोठ्या चाचणीत दिसला नाही. माझं मत असं की माणसं टिकली ती सुयांमुळे नव्हे. रोज एका ठिकाणी जायचं, तिथं आपलं नाव माहीत असलेलं कुणीतरी असायचं, आणि काही आठवड्यांनी एक न्यायाधीश विचारणार, या धाकानं आणि ओढीनं टिकली.

१९९४ मध्ये तुम्ही वॉशिंग्टनला पोहोचता तेव्हा रीनो देशाच्या ॲटर्नी जनरल आहेत आणि नव्या गुन्हेविषयक कायद्यात अशा न्यायालयांसाठी केंद्राचा पैसा ठेवलाय. आज अमेरिकेत या घडणीची हजारो न्यायालयं आहेत. सगळीच चांगली नाहीत. काहींनी व्यसनावरच्या उपचारात मेथाडोनसारखी औषधं घेणाऱ्यांना दारातच अडवलं, काहींनी यशाचे आकडे चांगले दिसावेत म्हणून सोपी माणसं निवडली. जिथं न्यायाधीश बदलला आणि नव्याला या कामात रस नव्हता, तिथं उरली फक्त तारीख.

आता परत १९८९ मध्ये या, पण भारतात. आपला अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यातलं कलम ३९ न्यायालयाला मुभा देतं: सेवन केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यसनीला, त्याच्या संमतीनं, बंधपत्रावर उपचारासाठी सोडता येतं. १९८९ च्याच दुरुस्तीत कलम ६४अ आलं. आज ते सांगतं की असा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेनं सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालू नये. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. म्हणजे मायामीतली ती खोली उघडली, त्याच वर्षी आपल्या कायद्याच्या पुस्तकात तिचं दार होतं. उपचार करणारी माणसंही होती. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून गर्दच्या विळख्यातली मुलं सांभाळत होतं.

नव्हता तो मधला माणूस. केंद्राकडून अहवाल मागवणारा न्यायाधीश, हरकत न घेणारा सरकारी वकील, तारखेला आरोपीला नावानं ओळखणारा कारकून. कलम स्वतःहून कुणाची विचारपूस करत नाही.

तुम्ही वकील असाल, तर सेवनाच्या पुढच्या प्रकरणात जामीन अर्जाच्या बरोबरीनं कलम ६४अ खालचा अर्जही तयार ठेवा. न्यायदानात असाल, तर उपचारकेंद्राचा अहवाल स्वतः वाचा आणि आरोपीला समोर बोलवून विचारा. आणि तुमच्याच घरातल्या कुणावर कलम २७ खाली, म्हणजे सेवनाचा, गुन्हा दाखल झाला असेल, तर लाजेनं घरात कोंडून घेऊ नका. वकिलाच्या पहिल्याच भेटीत विचारा, चौसष्ट-अ खाली अर्ज कधी करायचा.